गाठीत ऑक्सिजन कमी आणि ऑक्सिमीटरवर ९८, हे कसे?

आपल्या भाचीच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत न्यूरोब्लास्टोमाची (लहान मुलांत अपरिपक्व चेतापेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची) गाठ आहे, डॉक्टरांनी ‘गाठीत ऑक्सिजन कमी असतो’ असे सांगितले आणि घरच्या ऑक्सिमीटरवर मात्र ९८ दिसते. तेव्हा जन्मताच ती उशिरा रडली त्यातून हे झाले का, आणि घरी ऑक्सिजन लावावा का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या आईपर्यंत नक्की पोहोचवा. जन्मावेळी बाळ उशिरा रडल्यामुळे ही गाठ होते, असे सिद्ध झालेले नाही. गर्भात मज्जासंस्था घडत असताना ज्या पेशींनी पुढे परिपक्व व्हायचे, त्यांतल्या काही अर्धवट राहतात आणि वाढत सुटतात. या आजाराचे मूळ बहुधा तिथेच असते.

ऑक्सिमीटर बोटातल्या धमनीच्या रक्तात किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे, एवढेच सांगतो. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशींमधून जेमतेम १०० ते २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत झिरपतो. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा वेगाने वाढते आणि तिच्यातल्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे निरोगी ऊतींमध्ये साधारण ५ टक्के असणारा ऑक्सिजन गाठीच्या काही भागांत १ टक्क्याच्याही खाली जातो (हे टक्के हवेतल्या ऑक्सिजनसारखे मोजतात, ऑक्सिमीटरवरच्या ९८ शी त्यांची तुलना करू नये). सूक्ष्मदर्शकाखाली अशा गाठीत वाहिनीभोवती जिवंत पेशींचे कडे आणि त्यापलीकडे मेलेल्या पेशींचा पट्टा दिसू शकतो. या दोहोंच्या सीमेवर तग धरून राहिलेल्या पेशी हीच खरी काळजीची बाब आहे.

प्रत्येक पेशी एचआयएफ नावाची प्रथिने सतत तयार करते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ती काही मिनिटांतच नष्ट केली जातात. तो कमी पडला की ती टिकतात, केंद्रकात शिरतात आणि नव्या रक्तवाहिन्या मागवणारी, साखरेचा वापर वाढवणारी अनेक जनुके चालू करतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. न्यूरोब्लास्टोमाबाबत अधिक महत्त्वाचे काम स्वीडनमधल्या लुंड येथे झाले. २००२ मध्ये तिथल्या गटाने दाखवले की, १ टक्का ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या या पेशींतली परिपक्व चेतापेशींची लक्षणे कमी होतात आणि त्या भ्रूणावस्थेतल्या पूर्वज पेशींसारख्या वागू लागतात. अपरिपक्व गाठ सहसा अधिक आक्रमक असते, म्हणून हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते.

मात्र यामागे एचआयएफ प्रथिनांपैकी एचआयएफ-२ हे प्रथिन आहे का, यावर एकमत नाही. लुंडच्याच गटाने २००६ मध्ये त्याचा संबंध आक्रमकपणाशी जोडला. २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांना ते उलट गाठीला आवर घालणारे वाटले. त्यामुळे एचआयएफ-२ ला रोखणारे बेल्झुटिफॅन हे औषध, जे २०२१ मध्ये अमेरिकेत व्हीएचएल या आनुवंशिक आजारातील गाठींसाठी मंजूर झाले, इंटरनेटवर वाचून कोणी सुचवले तरी या आजाराला ते लागू पडेल असे धरून चालू नये.

आता घरच्या ऑक्सिजनविषयी. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला किरणोत्साराची मात्रा सुमारे अडीच ते तीन पट लागते, हे खरे आहे. पण ९८ टक्के भरलेल्या रक्तात मास्कमुळे फारच थोडी भर पडते, आणि अडचण रक्तात नसून रक्तवाहिनीपासूनच्या अंतरात आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९९० च्या दशकात उच्च दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देऊन त्यासोबत किरणोत्सारी एमआयबीजी (गाठीच्या पेशींत शिरून आतून किरणोत्सार देणारे औषध) देण्याचे प्रयोग झाले, परंतु ती नेहमीची उपचारपद्धती झाली नाही. म्हणून डॉक्टरांनी स्वतंत्र कारणासाठी सांगितल्याशिवाय भाड्याने यंत्र आणू नका.

भाचीचे उपचार तिचे वय, आजाराचा प्रसार, बायोप्सीतील पेशींची परिपक्वता आणि एमवायसीएन जनुकाच्या प्रतींची संख्या यांवर ठरतील. पुढच्या भेटीत एमवायसीएनचा अहवाल आला का, मुलीचा जोखीम गट कोणता ठरला आणि तो कशावरून ठरवला, हे तीन प्रश्न लिहून न्यावेत.