'व्हॉर्टिकल' प्रवाह आणि हवा धरणारी मोटार

प्रश्न : पंचगंगेवर आमची चार इंची सक्शनची मोटार आहे. माहितीपत्रकात 'व्हॉर्टिकल फ्लो टाळा' असं लिहिलंय. म्हणजे सक्शन पाईप उभा लावायचा नाही का? उन्हाळ्यात मोटार मधेच पाणी सोडते, ते यामुळेच का?
— एक वाचक, शिरोळ तालुका, कोल्हापूर

उत्तर : पाईप उभाच राहू द्या. उभ्याला 'व्हर्टिकल' म्हणतात. 'व्हॉर्टिकल' म्हणजे अक्षाभोवती गरगरणारा, भोवरा धरलेला. दोन्ही शब्द 'फिरणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आले, म्हणून कानाला सारखे लागतात. रोजच्या इंग्रजीत गरगरत्या पाण्याला किंवा धुरळ्याला 'स्वर्लिंग' म्हणतात. 'व्हॉर्टिकल' बहुतेक शास्त्राच्या आणि यंत्राच्या लिखाणातच भेटतो.

तुमचं दुखणं मात्र खरंच तेच दिसतं. राधानगरीचं आवर्तन लांबलं की पातळी उतरते, फुटव्हॉल्व्हवर (सक्शन पाईपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळीची झडप) भोवरा पडतो आणि त्याच्या पोकळीतून हवा पाईपात शिरते. डिलिव्हरीचं, म्हणजे बाहेर पडणारं, पाणी फटफटत येतं, अँपिअरचा काटा नाचतो. तशीच चालू ठेवली तर प्रायमिंग (पंपात भरून राहिलेलं पाणी) सुटून ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी पॅकिंग) जळते.

इलाज बुडीचा, म्हणजे तोंड पाण्याखाली किती खोल आहे त्याचा. १०० मिमीच्या तोंडातून सेकंदाला १२ लिटर पाणी ओढलं जात असेल, तर तोंडावर किमान ४५ सेंमी पाणी हवं. तोंड कर्ण्यासारखं पसरून १५० मिमी केलं, तर वेग निम्म्याहून कमी होतो आणि सुमारे ३५ सेंमीत भागतं. बुडी जाळीच्या सर्वांत वरच्या छिद्रापासून मोजा, तळापासून नव्हे. चूक बहुतेकदा इथंच होते. नदीत लाटा आणि चढउतार असतात, म्हणून दोन फूट धरलेलं बरं. पाणी कमी म्हणून फुटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नका, गाळ ओढेल. बंधाऱ्याच्या खांबालगतही नको: बरग्यांच्या (पाणी अडवायच्या फळ्यांच्या) फटीतून सुटलेलं पाणी तिथं आधीच फिरत असतं, भोवऱ्याला आयतं बळ मिळतं.

पातळी वाढवणं हातात नसेल, तर फुटव्हॉल्व्हच्या बरोबर वर लाकडी फळी किंवा बांबूचा ताटवा तरंगता बांधा. पृष्ठभागावरचं फिरणं तुटतं. दिसायला गावठी वाटतो, पण उपाय पक्का. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून उपसा कमी केला तरी भोवरा विरतो.

भोवरा दिसत नाही आणि तरी हवा येते? मग सक्शनचे जोड तपासा. मोटार चालू असताना जोडांवर साबणाचा घट्ट फेस लावा. गळती असेल तिथं तो आत ओढला जातो.

प्रश्न : आपल्याकडं भोवरा एकाच दिशेनं फिरतो, हे खरं का?

उत्तर : नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम चक्रीवादळावर दिसतो. एवढ्याशा भोवऱ्याची दिशा काठ, खांब आणि पाणी कुठल्या बाजूनं येतं यावर ठरते. फुटव्हॉल्व्ह चार हात सरकवला तरी ती उलटू शकते.