स्वतः लिहीत असताना दुसऱ्यांची पुस्तकं वाचावीत का? त्यांची छाप पडत नाही का?

पडते की! माझ्यावर तर इतकी पडते, की माझ्या चार ओळी ऐकून नवरा ओळखतो सध्या उशाशी कोण आहे ते. तरी वाचन थांबवू नका. मी एकदा आठ महिने थांबवून पाहिलं. त्या काळात जे लिहिलं ते ऑफिसच्या परिपत्रकासारखं झालं.

मी माझ्या वऱ्हाडातल्या आजीवर लिहितेय. नोकरी सांभाळून, म्हणजे रात्री दहानंतर. सुरुवातीला जी. ए. कुलकर्ण्यांचं 'काजळमाया' वाचत होते. परिणाम असा, की परसातलं सीताफळाचं झाड दुसऱ्याच पानावर नियतीबियती होऊन उभं राहिलं. आजी त्याच्यावर ओलं लुगडं वाळत घालायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. वीस पानं फाडली.

मग उद्धव शेळक्यांची 'धग' हातात आली. १९६० सालची कादंबरी. त्यातली कौतिक तोंड उघडते ती वऱ्हाडीत. थोडं वाचलं आणि मला कसंतरीच व्हायला लागलं. आधी वाटलं, त्यातल्या गरिबीमुळे. पण नाही. माझ्या आजीला मी चक्क पुणेरी बोलायला लावलं होतं! "तू जेवलीस का?" असं ती जन्मात कधी म्हणाली नाही. "जेवली का वं माय?" म्हणायची. मी पुण्यात शाळेत होते, आजी आली की मैत्रिणींसमोर तिच्या बोलण्याची लाज वाटायची. तीच लाज माझ्या वहीत येऊन बसली होती आणि मला पत्ता नाही. त्या रात्री आजीचा एकेक संवाद मोठ्याने म्हणून बदलला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा तर चक्क राग आला. वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले, १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ताटातूट, एकेक प्रसंग ऊर बडवून सांगावा असा. आणि लक्ष्मीबाई स्वतःलाच हसत सांगतात. मी आजीच्या वैधव्याचं प्रकरण सोळा पानं रडवलं होतं. चिडून समासात लिहिलं, "एवढं हसू येतं कुठून?" दोन दिवसांनी भांडी लावताना आठवलं: आजोबांच्या तेरवीला आजीनेच आचाऱ्याला झापलं होतं, बुंदी कच्ची राहिली म्हणून. मला ते माहीत होतं, पण शोभत नाही म्हणून गाळलं होतं. आता प्रकरण त्या बुंदीपासूनच सुरू होतं.

तेव्हापासून एक वेगळी वही ठेवलीय. त्यात परीक्षण लिहीत नाही. कुठे कंटाळा आला, कुठे राग आला, कुठे हेवा वाटला, तेवढंच. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पुढे फक्त लिहिलंय: "हेवा. वाक्यं किती लहान!" कारण लगेच शोधत नाही, सकाळी चहाबरोबर बघते. आवडलेली वाक्यं उतरवून घेणं मात्र सोडलंय. ती नंतर आपलीच समजून हातातून उतरतात. (कादंबरी लिहिताना फक्त कविता वाचाव्यात असंही कुणी कुणी सांगतात. मला झोप येते.)

सध्या श्री. ना. पेंडशांची कोकणातली कादंबरी 'रथचक्र' चालू आहे. काल नवरा म्हणाला, "आजी कोकणात कधी गेली?"