'टायर संपले' म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न थोडक्यात असा. फॉर्म्युला वनच्या एका मराठी वृत्तांतात 'टायर संपल्यामुळे तो मागे पडला' असे वाक्य आले आणि त्यावरून घरात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, संघाजवळचा टायरचा साठा संपला. दुसऱ्याचे म्हणणे, टायर झिजले. हे वाक्य इंग्रजीवरून जसेच्या तसे उचलले आहे का, आणि आपण अशा वेळी काय म्हणतो? जाता जाता, टायर 'फुटला' की 'फुटलं', तेही सांगा.

व्याकरणात वाक्य चुकलेले नाही, चुकले आहे ते क्रियापदाच्या निवडीत. मराठीत संपतात त्या वापरल्यावर हाती काही न उरणाऱ्या गोष्टी: साखर, रॉकेल, रजा, पेनातली शाई. वस्तू हातात आहे पण तिचा गुण गेला, असे असेल तर आपण 'संपली' म्हणत नाही. चप्पल झिजते, सदरा विरतो, सुरी बोथट होते, दोर कुजतो. टायरलाही आपल्याकडे अशी हक्काची क्रियापदे आहेत. टायर बसला म्हणजे हवा गेली. टायर फुटला म्हणजे फुटलाच. वरची नक्षी जाऊन गुळगुळीत झाला की 'टायर गोटा झाला'. एसटीच्या डेपोत किंवा ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर दहा मिनिटे उभे राहिलात तर हे तिन्ही शब्द कानावर पडतील, 'संपला' मात्र पडणार नाही.

तरी साठ्याचा अर्थ लावणाऱ्याला कुणी हसू नये. त्या खेळात टायर खरोखरच संपतात. २०११पासून सगळ्या संघांना पिरेली ही एकच कंपनी टायर पुरवते आणि नेहमीच्या स्वरूपाच्या शर्यतीसाठी तीन दिवस मिळून एका गाडीला कोरड्या ट्रॅकचे १३ संच मिळतात: हार्डचे २, मीडियमचे ३, सॉफ्टचे ८ (रबर जितके मऊ तितकी पकड जास्त; या नावांबद्दल पुढे). सराव, पात्रता फेरी आणि रविवारची शर्यत एवढ्यात भागवायची. पात्रतेच्या पहिल्या टप्प्यात एखाद्याची चांगली फेरी वाया गेली की तो धास्तावून आणखी एक नवा सॉफ्ट संच लावतो आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्याकडे नवे सॉफ्ट उरत नाहीत. 'त्याचे नवे सॉफ्ट संपले' हे तेव्हा चोख मराठी आहे. म्हणून तर झिजलेल्या टायरला संपलेला म्हणू नये. एकाच शनिवार-रविवारच्या बातमीत दोन्ही गोष्टी घडलेल्या असू शकतात आणि वाचकाला ओळखायला काही मार्ग राहत नाही.

मग 'झिजले' लिहावे का? काही वेळा. पण सरसकट लिहिले तर दुसरा गोंधळ होतो, आणि खरी गंमत इथेच आहे.

या खेळातली माणसे दोन गोष्टी अगदी निराळ्या धरतात. एक, रबर जाणे. दुसरी, पकड जाणे. टायरवर रबर भरपूर शिल्लक असते, पण तापून तापून त्याचा चिकटपणा कमी होतो आणि दर फेरीला सेकंदाचे काही दशांश हातातून जातात. रेडिओवर इंजिनिअर याला नुसते 'डेग' (डिग्रेडेशन) म्हणतो. हे बरेचसे मुद्दाम घडवून आणलेले असते. २०१०ची कॅनडातली शर्यत टायर भराभर मान टाकत गेल्यामुळे फार रंगली. पुढच्या वर्षी पिरेली आली तेव्हा तिला तसेच टायर करायला सांगण्यात आले, म्हणजे चालकांना टायर जपावे लागतील आणि टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, यावेच लागेल. या दुसऱ्या प्रकाराला 'झिजणे' लावले तर ते खोटे पडते. मी 'पकड ओसरली' असे लिहीन. पूर ओसरतो, जोर ओसरतो, गर्दी ओसरते. हळूहळू, मोजता येईल अशा बेताने कमी होणे एवढाच अर्थ त्यात आहे आणि इथे तेवढाच हवा आहे. 'टायर उतरले' असेही कुणी सुचवेल, पण टायर उतरवतात ते गाडीवरून.

हा फरक पुस्तकी नाही, हे २०२०च्या तीन शर्यतींवरून कळते.

२ ऑगस्टची इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची शर्यत ५२ फेऱ्यांची होती. बाराव्या फेरीत डानिल क्व्यातचा अपघात झाला, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे राहून त्यांना संथ ठेवणारी गाडी) आली आणि या संथ फेऱ्यांत थांबण्यात वेळ कमी जातो म्हणून बहुतेकांनी तेव्हाच हार्ड टायर चढवून टाकले. उरलेल्या चाळीसेक फेऱ्या त्याच संचावर काढायच्या होत्या. पकड फारशी ओसरली नव्हती, वेळा चांगल्या येत होत्या, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. रबर मात्र जात होते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत आधी वाल्टेरी बोटासचा पुढचा डावा टायर गेला, मग कार्लोस साइन्झचा, आणि अगदी शेवटच्या फेरीत लुईस हॅमिल्टनचा. तिघांचाही तोच, पुढचा डावा. हॅमिल्टन तीन चाकांवर कसाबसा रेषा ओलांडून सहा सेकंदांपेक्षा कमी फरकाने जिंकला. त्याच्यामागचा मॅक्स व्हर्स्टॅपन सर्वांत वेगवान फेरीचा जादा गुण मिळवण्यासाठी थोड्याच फेऱ्यांपूर्वी नवे टायर घ्यायला पिटमध्ये गेला होता, नाहीतर निकाल वेगळा लागता. बोटास अकरावा आला. इथे 'टायर झिजून फुटला' हे बरोबर. 'पकड ओसरली' लिहिले असते तर वाचकाला घडले त्याच्या उलट कळले असते.

एकाच आठवड्याने त्याच ट्रॅकवर दुसरी शर्यत झाली, फक्त टायर एक पायरी मऊ दिले होते. त्या दिवशी मर्सिडीजच्या, म्हणजे हॅमिल्टन-बोटासच्या संघाच्या, टायरांना फोड आले. 'फोड' हा शब्द मी सजावटीला वापरत नाही. रबर आतून जास्त तापते, पृष्ठभागाखाली बुडबुडे धरतात, मग ते फुटून तिथले तुकडे निघतात आणि टीव्हीवर टायरच्या अंगावर काळे खळगे फिरताना दिसतात. कातडीला होते तेच रबराला होते आणि दोघांना एकच शब्द पुरतो. मराठी बातमीत याला 'ब्लिस्टरिंगची समस्या उद्भवली' असे लिहिलेले वाचले की मला वाईट वाटते. हार्डवर सुरुवात केलेला व्हर्स्टॅपन त्या दिवशी जिंकला.

तिसरी, १५ नोव्हेंबरची इस्तंबूलची. ओला, नव्याने डांबर घातलेला, साबणासारखा निसरडा ट्रॅक. हॅमिल्टनने शर्यतीच्या सुरुवातीलाच इंटरमीडिएट, म्हणजे अर्धवट ओल्या ट्रॅकचे खाचांचे टायर घातले आणि त्याच संचावर ५० फेऱ्या काढल्या. खाचा पार गेल्या, टायर अक्षरशः गोटा झाले. पण ट्रॅकही तोवर सुकत आला होता आणि सुकत्या ट्रॅकला गुळगुळीत टायरच हवा असतो. संघ शेवटी खबरदारी म्हणून पिटमध्ये ये म्हणत होता, तो गेला नाही. शर्यत जिंकला आणि सातवे विजेतेपदही. 'टायर संपले' हे वाक्य त्या टायरांचे फोटो पाहून कुणीही लिहिले असते आणि ते सपशेल चुकले असते. टायर झिजले होते आणि झिजले म्हणूनच चालले.

आणखी एक प्रकार राहिला. टायर पुरेसा तापलेला नसताना गाडी आडवी घसरत राहिली तर वरचे रबर फाटते, त्याचे बारीक कण सुटतात आणि टायरलाच परत चिकटतात. खोडरबर घासल्यावर कागदावर राहतो तसा तो भुगा असतो, पण फेकला न जाता टायरवरच बसलेला. याला 'टायर रवाळ होणे' म्हणायला माझी तरी हरकत नाही. फेऱ्या मारता मारता ते कण निघून जाऊन टायर पुन्हा साफही होतो, म्हणजे याला ना झीज म्हणता येते, ना ओसरणे. ट्रॅकच्या कडेला साचणाऱ्या रबराच्या तुकड्यांना इंग्रजीत 'मार्बल्स' म्हणतात, पण तिथे 'गोट्या' करू नये. आधीच आपला टायर गोटा होतो. 'रबराचा चुरा' पुरे.

सपाट होणे आणि बसणे यांतही घोटाळा होतो. ब्रेक लागून चाक जाम झाले की टायर एकाच जागी घासला जाऊन तिथे चपटा होतो. हवा सगळी आतच असते, म्हणून तो 'बसलेला' नव्हे. २००५च्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवर आघाडीवरच्या किमी रायकोनेनचा पुढचा उजवा टायर असा चपटा झाला. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती, पात्रता फेरी आणि शर्यत मिळून एकच संच. हादरे सोसत सोसत तो पुढे राहिला आणि शेवटच्या फेरीच्या पहिल्या वळणावर सस्पेन्शनच मोडले. फर्नांडो अलोन्सो जिंकला. तेव्हा मिशेलिन आणि ब्रिजस्टोन अशा दोन कंपन्या टायर पुरवत. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तेराव्या, एका बाजूला कललेल्या वळणावर टिकेनात. बदलायची सोय नाही, तोडगा निघाला नाही, तेव्हा त्यांच्या चौदा गाड्या आरंभाच्या संथ फेरीनंतर सरळ पिटमध्ये शिरल्या आणि ब्रिजस्टोनच्या सहाच गाड्या शर्यतीत उरल्या. त्या सहांत जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि भारतीय चालकाला फॉर्म्युला वनचे पहिले गुण त्या दिवशी मिळाले. टायर बदलण्याची मुभा २००६ला परत आली.

'बदलणे' यावरही थोडे बोलायला हवे. पिटमध्ये टायर कधीच बदलत नाहीत, बदलते ते अख्खे चाक. टायर आधीच रिमवर चढवून ठेवलेला असतो. चाकाला नट एकच. एका चाकाला तीन माणसे: एक नट सोडतो-आवळतो, एक जुने चाक काढतो, एक नवे लावतो. हे दोन सेकंदांच्या आसपास उरकते. २०२३ला कतारमध्ये मॅक्लारेन संघाने १.८० सेकंदात उरकले होते. आपल्या मेकॅनिकच्या भाषेत 'टायर बदलला' म्हणजे नवा विकत घेऊन बसवला, आणि रस्त्यात जे करतात ते 'चाक बदलले' किंवा 'स्टेपनी लावली'. म्हणून 'चारही चाके बदलली' हे वर्णन जास्त खरे आहे, पण नियम टायरबद्दल असतो तेव्हा 'टायर'च ठेवावे. 'स्टेपनी' मात्र नको, फॉर्म्युला वनच्या गाडीत ती नसतेच. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४च्या सुमारास तिथे जादा चाकाची युक्ती निघाली, कारण तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसे. आज खुद्द इंग्रजांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, आणि आपल्याकडे तो रिक्षावाल्यालाही माहीत आहे.

सॉफ्ट, मीडियम, हार्ड यांचे 'मऊ, मध्यम, कडक' करायला मी नको म्हणेन. ती रबराची जात नाही, त्या त्या शर्यतीपुरते लावलेले नाव आहे. पिरेलीच्या मिश्रणांना सी-१, सी-२ असे क्रमांक असतात, आकडा वाढला की रबर मऊ. त्यांतली तीन प्रत्येक शर्यतीला निवडतात. सुझुकाला सी-१ ते सी-३ नेतात तेव्हा सी-३ सॉफ्ट ठरतो आणि त्याला लाल पट्टा. मोनॅकोला सी-३ ते सी-५ नेतात तेव्हा तोच सी-३ हार्ड, पांढरा पट्टा. एकच रबर एकीकडे 'मऊ' आणि दुसरीकडे 'कडक' लिहिले तर वाचक आपल्यालाच वेड्यात काढेल. इंग्रजी नावे ठेवली की ती नावेच आहेत हे दिसते. कोरड्या शर्यतीत यांतले किमान दोन प्रकार वापरावेच लागतात, ही सक्ती २००७पासूनची.

लिंगाचे सोपे आहे. लेखी मराठीत टायर पुल्लिंगी: तो टायर फुटला, ते टायर फुटले. बोलताना बरेच जण 'टायर फुटलं' म्हणतात आणि ते चालते. पण नपुंसकलिंगी एकवचन जुन्या वळणाने लिहिले की 'फुटले' होते आणि ते पुल्लिंगी अनेकवचनासारखेच दिसते. सिल्व्हरस्टोनच्या बातमीत 'हॅमिल्टनचे टायर फुटले' छापले तर एक फुटला की चार, कळायचे नाही. तिथे 'टायर फुटला'च हवे.

'संपले' एका ठिकाणी पूर्ण शोभते. २०२५ला कतारमध्ये सुरक्षेसाठी एका संचावर जास्तीत जास्त २५ फेऱ्या असा नियम केला होता. रबर राहो वा न राहो, पकड असो वा नसो, पंचविसाव्या फेरीला त्या टायरची मुदत संपली. शर्यत ५७ फेऱ्यांची. सातव्या फेरीत सेफ्टी कार आली आणि उरल्या बरोबर ५०, म्हणजे पंचवीस-पंचवीसचे दोन हिस्से. जवळजवळ सगळे तेव्हाच पिटमध्ये आले. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या ट्रॅकवरच राहिल्या, पुढे दोघांनाही पूर्ण वेगाच्या शर्यतीत दोनदा थांबावे लागले आणि जिंकला व्हर्स्टॅपन.