बी.एस्सी. नर्सिंग सीईटी: दोन महिने हातात आणि फिजिक्स कच्चं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीची बारावीची परीक्षा संपत आली आहे, सीईटीला साधारण दोन महिने आहेत, फिजिक्स कच्चं आहे, क्लासवाले नीटच्या (एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेच्या) बॅचमध्येच बसवू म्हणतात आणि 'नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड' म्हणजे काय ते कोणी धड सांगत नाही.

नीटच्या बॅचमध्ये घालू नका. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या या पेपरात १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटं असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड (नर्सिंगच्या कामाची समज आणि कल) यांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे ज्या फिजिक्सची एवढी धास्ती घेतली आहे त्याला इंग्रजीइतकंच वजन आहे. नीटच्या बॅचमध्ये दिवसाचे चार तास फिजिक्सवर जातील, आणि इंग्रजी व अ‍ॅप्टिट्यूडच्या ४० गुणांबद्दल तिथे कोणी चकार शब्द काढणार नाही. (एएफएमसी, म्हणजे पुण्याचं सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय, त्याच्या नर्सिंग कॉलेजसाठी नीटचे गुण लागतात, तो मार्ग वेगळा. एम्सची परीक्षाही वेगळी, आणि तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. त्यामुळे तिथली 'येत नसेल तर सोडून द्या' ही सवय इथे आणू नये.)

आता पात्रता. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) नियमांनुसार बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ४०. इंग्रजीत उत्तीर्ण असणं आवश्यक. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. प्रवेश परीक्षेत खुल्या गटाला किमान ५० पर्सेंटाइल, मागास प्रवर्गांना ४०. इथे बरेच पालक फसतात, कारण ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० गुण नव्हेत. हजार मुलं बसली तर त्यातली पाचशे तुमच्या बरोबरीला किंवा खाली असणं, असा त्याचा अर्थ. पेपर सोपा निघाला तर ५० गुण मिळवूनही मुलगी या रेषेखाली राहू शकते. शिवाय ही फक्त पात्रतेची रेष आहे. सरकारी कॉलेजसाठी स्पर्धा त्याच्या बरीच वर असते.

बायोलॉजीत सगळ्यात आधी मानवी शरीराची प्रकरणं पक्की करा: बारावीची श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय, मानवी आरोग्य व रोग, प्रजनन, अकरावीची पोषण, उत्सर्जन, सांगाडा. बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचायचं, आकृत्यांखालची नावं आणि तक्त्यांसकट. रोगांत गोंधळ नेहमी एकाच जागी होतो: रोगजंतू आणि वाहक यांची अदलाबदल. मलेरियाचा जंतू प्लाझ्मोडियम, वाहक अ‍ॅनॉफिलीसची मादी. पर्यायांत दोन्ही असतात आणि घाईत पहिल्या ओळखीच्या नावावर टिक केली जाते. म्हणून रोग, जंतू, वाहक, चाचणी अशा चार रकान्यांचा तक्ता हाताने करून घ्या.

फिजिक्स कच्चं असेल तर सगळं फिजिक्स करायला जाऊ नका. मोठ्या सिद्धता बाजूला ठेवा. एका सूत्रात सुटणारी गणितं, एककं आणि मिती एवढ्यावर जोर द्या: ओहमचा नियम, द्रवाचा दाब, भिंगाची शक्ती, अर्धआयुष्य, तापमानाचं रूपांतर. चुका सूत्रात कमी आणि एककात जास्त होतात. नाभीय अंतर ५० सेंमी असलेल्या भिंगाची शक्ती काढताना मुलं १ भागिले ५० करतात, मीटरमध्ये ०.५ घेतलं की उत्तर २ डायॉप्टर. असा चुकीचा आकडा पर्यायांत हटकून दिलेला असतो, त्यामुळे चूक झाल्याचं कळतच नाही. केमिस्ट्रीतही तसंच: मोलॅरिटी, विरलन, पीएच, पहिल्या श्रेणीच्या अभिक्रियेचं अर्धआयुष्य एवढी गणितं, आणि त्याच्या जोडीला जैवरेणू, बहुवारिकं, ऑरगॅनिकमधल्या नावाच्या अभिक्रिया. ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ३, हे कागद न घेता सांगता यायला हवं.

अ‍ॅप्टिट्यूडसाठी क्लास लागत नाही, एक वही लागते. त्यात आधी माणसाची सामान्य मापं लिहा: तापमान ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वसन १२ ते २०, रक्तदाब १२०/८०. मग प्रथमोपचार: प्रौढाला सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) देताना ३० दाब आणि २ श्वास, दाब ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०. मग लसीकरण: बीसीजी (क्षयरोगाची लस) जन्मतः, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) ६, १०, १४ आठवड्यांना, बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग नीट पाहा, कारण तिथे पेच असतो: सुई कापून काढलेली प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत, पण सुई आणि सुईसकट असलेली सिरिंज पांढऱ्या डब्यात. काच निळ्यात, ड्रेसिंगचा कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढताना उंचीचा वर्ग विसरतो: ५० किलो आणि १.५ मीटरला २२.२ येतं, ३३.३ नाही.

याच विभागात प्रसंगावरचे प्रश्नही येऊ शकतात. रुग्ण औषध नाकारतो, नातेवाईक रुग्णाची माहिती विचारतो, दोन रुग्ण एकदम हाक मारतात. बहुतेक वेळा बरोबर पर्याय असा: आधी रुग्णाची अवस्था पाहा, श्वास अडलेल्याकडे आधी जा, डॉक्टरांच्या सूचनेशिवाय औषध बदलू नका, माहिती परस्पर देऊ नका. 'रुग्णाच्या भल्यासाठी जबरदस्तीने द्या' असा दयाळू वाटणारा पर्याय हा सापळा असतो.

इंग्रजीला रोज अर्धा तास पुरे: काळ, आर्टिकल, प्रीपोझिशन, अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि एक उतारा. मराठी माध्यमातून आलेल्या मुली हा विषय 'होईल' म्हणून सोडतात आणि गुण तिथेच जातात.

वेळेचा हिशेब सरासरी प्रश्नाला ५४ सेकंद. बायोलॉजी १२ मिनिटं, अ‍ॅप्टिट्यूड १२, इंग्रजी १३, केमिस्ट्री २०, फिजिक्स २५. उरलेली ८ मिनिटं खूण केलेल्या प्रश्नांना. फिजिक्स शेवटी ठेवावं, नाहीतर एक गणित पाच मिनिटं खातं आणि बायोलॉजीचे सोपे प्रश्न तसेच राहतात. शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. सराव मात्र संगणकावरच करा. कागदावर ९० मिनिटांत होणारा पेपर स्क्रीनवर पहिल्यांदा लांबतोच.

कागदपत्रं मात्र निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला घ्या: अधिवास, राखीव प्रवर्ग असेल तर जातवैधता, लागू असेल तर त्या वर्षीच्या प्रवेशाला चालणारं नॉन-क्रीमी लेयर. जातवैधतेला महिने लागतात, आणि गुण असूनही जागा जाते ती याच कागदापायी. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा, आधारवरचं नाव वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करा. पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक खासगी कॉलेजची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी तपासा. आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं आहे ते विचारा. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर ते कॉलेज यादीत खाली सरकवा.