‘कर्नल हार्डनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

लिनक्सच्या सुरक्षेवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘कर्नल हार्डनिंग’साठी, म्हणजे कर्नल या लिनक्सच्या मध्यवर्ती भागावर हल्ला करणे अवघड करून ठेवण्यासाठी, ‘कठिणीकरण’, ‘तटबंदी’ आणि ‘बळकटीकरण’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा.

‘कठिणीकरण’ पोलादाला शोभते. संगणकाच्या संदर्भात मात्र ‘कठीण’ म्हटले की आधी ‘अवघड’ हाच अर्थ मनात येतो. ‘तटबंदी’ बाहेरून असते, तेव्हा ती फायरवॉलकडेच राहू द्यावी. ‘बळकटीकरण’ त्यातल्या त्यात जवळचे आहे, पण त्यातून काहीतरी भर घातल्याचे सूचित होते आणि प्रत्यक्ष काम पुष्कळदा उलट, म्हणजे सवलती काढून घेण्याचे असते. उदाहरणार्थ, ‘केपीटीआर-रिस्ट्रिक्ट’ या सेटिंगचे मूल्य २ केले, की कर्नलमधील फंक्शनांची यादी उघडल्यावर त्यांच्या मेमरीतील पत्त्यांच्या रकान्यात ओळीमागून ओळ नुसती शून्ये दिसतात, अगदी सर्वाधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालासुद्धा. ‘मॉड्यूल्स-डिसेबल्ड’ १ केले, तर नवे मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा, चढवता येत नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय तो निर्णय फिरवताही येत नाही.

पत्ते झाकण्याचे कारण असे, की २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत आलेली ‘केएएसएलआर’ ही सोय, हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून, प्रत्येक बूटला कर्नल मेमरीत वेगळ्या जागी बसवते, आणि ती जागा कोणालाही वाचता येत असेल तर त्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. या साऱ्यामागे असे गृहीत धरलेले असते की एवढ्या मोठ्या कोडमध्ये चुका राहणारच. मात्र त्या चुकांचा फायदा घेऊन कोणाला यंत्राचा ताबा मिळवता येऊ नये. ‘स्टॅक प्रोटेक्टर’ चूक दुरुस्त करत नाही, तो स्टॅकची, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती माहिती असलेल्या मेमरीची, नासाडी झाल्याचे ओळखून कर्नलला तिथेच थांबवतो.

म्हणून माझी पसंती ‘कणखर करणे’ या क्रियापदाला आहे. कणखर म्हणजे निर्दोष नव्हे, तर आघात झाला तरी हार न जाणारा. हार्डनिंगमध्ये नेमके तेच अपेक्षित असते. नामच हवे असेल तर ‘कणखरपणा’ आहे, ‘कणखरीकरण’ मात्र कृपया घडवू नये. कर्नलसाठी ‘गाभा’ही टाळावा, कारण प्रोसेसरच्या ‘कोर’लाही तोच शब्द वापरला जातो. लष्करातल्या कर्नलशी घोटाळा होण्याची भीती संदर्भामुळे उरत नाही. लेखात पहिल्यांदा ‘कर्नल कणखर करणे, म्हणजेच हार्डनिंग’ असे लिहावे आणि पुढे मराठी शब्दच चालवावा.