जागा सोडू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. वन्यजीव सप्ताहातल्या कुटुंबमेळ्यासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुला पाऊलवाटेवरचे एक वळण नेमून दिले आणि तुझ्या मैत्रिणींना नावनोंदणीचे टेबल, चेहरे रंगवण्याचा कोपरा आणि प्रश्नमंजूषा मिळाली, म्हणून तू खट्टू झाली आहेस. शिवाय एवढी गर्दी आत आणून आपण जंगलाचे भले करतो की वाटोळे, असेही तू विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: जागा सोडू नकोस.

पाऊस ओसरल्यावर त्या वाटांच्या कडेला जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी ठिकठिकाणी लागतात. या दिवसांत माद्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि एकेक जाळे मीटरभर रुंद असते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे धागे खरोखर सोनेरी दिसतात. तेच जाळे ऊन डोक्यावर आले की समोर असूनही दिसेनासे होते. मधोमध जी काळी-पिवळी, लांब पायांची बसलेली असते ती मादी. नर शोधायचा तर जाळ्याच्या वरच्या भागात नजर बारीक करावी लागते, कारण तो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक लोक त्याला कचरा समजतात. आणखी थोडे थांबलीस तर त्याच जाळ्यात पाऱ्याच्या थेंबांसारखे चकाकणारे आणखी लहान कोळी दिसतील. ते त्या बाईंच्या घरचे चोर. तिने पकडलेले बारीकसारीक किडे परस्पर लंपास करतात. यातले काहीही चालता चालता दिसत नाही. तुझ्या वळणावर असे जाळे असेल, तर तुझा दिवस तिथेच आहे.

तुला पन्नास पक्ष्यांची आणि फुलपाखरांची नावे पाठ करायची आहेत, असे लिहिले आहेस. कशासाठी? येणारे प्रत्येक कुटुंब पहिल्यांदा ‘बिबट्या कुठे दिसेल?’ असेच विचारणार, आणि तुझ्या पन्नास नावांना त्यावर काहीही उत्तर नाही. त्यांना जाळ्यापाशी थांबव. लहान मुलाच्या उंचीला बसून त्याच्या नजरेतून जाळे दिसते का ते आधी पाहा, कारण मोठ्यांना जे समोर दिसते ते त्याला पानांआड असते. नाव लगेच सांगू नकोस. नाव कळले की माणसे समाधानाने मान डोलावून पुढे निघतात. ‘यात किती कोळी आहेत?’ एवढेच विचार आणि गप्प राहा. सोबत आजी असतील तर त्यांना बोलते कर. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा गिलावा, अशा घरात राहिलेली बाई त्या घोळक्यात निघू शकते आणि ती जे सांगेल ते तुझ्या माहितीपत्रकात सापडणार नाही. (कारवीचे झुडूप आठ वर्षांतून एकदा ज्या वर्षी फुलते त्या वर्षी तिचे फोटो काढायला झुंबड उडते, 2016 सालचा बहर आठवत असेल तर तुला कळेल. मधली सात वर्षे त्याच झुडपांकडे कुणी ढुंकून पाहत नाही, हे मला फार लागते.)

आता गर्दीचे. गर्दीला मी भीत नाही, भटक्या गर्दीला भितो. उद्यान शंभरावर चौरस किलोमीटरचे आहे, पण मेळ्याची माणसे ज्या थोड्याशा वाटांवर येतात, त्यांच्याच कडा तुडवल्या जातात, तिथेच वेफर्सची पाकिटे पडतात आणि तिथेच माकडांना बिस्किटांची चटक लागते. ज्या वळणावर कुणीतरी दिवसभर उभे असते तिथे हे होत नाही. दटावावेसुद्धा लागत नाही. माणूस बघतो आहे एवढे पुरते. स्वयंसेवक मात्र फिरत राहिले, एकमेकांना चहा देत राहिले, फोटोसाठी जमत राहिले, तर शंभर स्वयंसेवक असूनही वाट बेवारशी असते. म्हणून पुन्हा सांगतो, आणि तुला कंटाळा आला तरी सांगणार: जागा सोडू नकोस.

मला लोक हेकट म्हणतात, हे तुझ्याही कानावर असेल. एका ठिकाणच्या मेळ्यात प्रमुख पाहुणे आले तेव्हा सगळ्या स्वयंसेवकांनी मांडवात हजर राहावे असा निरोप आला. मी गेलो नाही. माझ्यासमोर दोन मुले गवतावर पोटावर पडून मुंग्यांची रांग बघत होती. त्यांना उठवून शाल-श्रीफळाच्या टाळ्यांना न्यायचे का? पुढच्या वर्षी मला बोलावणे आले नाही. माझे बोलणे त्या वेळी तिखट झाले असेल, पण हट्ट चुकीचा होता असे मला अजूनही वाटत नाही, आणि ज्यांनी तो चुकीचा ठरवला त्यांच्यापैकी कुणी ती मुले पाहिली नव्हती. खंत आहे ती वेगळी. पुढे वय झाले म्हणून मला संयोजनात घेतले, हातात वॉकी-टॉकी दिला, आणि मी भोंग्याचा आवाज, पाण्याचे पिंप, बसगाड्यांची वेळ यांत ऑक्टोबरमागून ऑक्टोबर घालवले. मान मिळाला, जाळी पाहायची राहिली. तुला आज जे वळण नकोसे झाले आहे, त्यासाठी मी आता रांगेत उभा राहीन. पण गुडघे ऐकत नाहीत.

तर ऐक. लोक यायच्या आधी तासभर पोहोच आणि वळणाच्या दोन्ही बाजू नीट बघून ठेव. जाळे रात्रीत मोडले असेल तर हिरमुसू नकोस. मादी आसपासच असते आणि पुन्हा विणायला घेते, ते बघायला मिळाले तर नशीबच. जाळ्याला हात लावू देऊ नकोस, काठीही नको. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, पाणी भरपूर ने, ऑक्टोबरचे ऊन दमवते. उत्तर येणार नाही अशा प्रश्नांची वहीत नोंद कर आणि संध्याकाळी तिथल्या वनमजुरांना विचार; त्यातले कित्येक जण त्याच जंगलातल्या पाड्यांवर वाढलेले असतात. जेवणासाठी उठावे लागलेच तर बदली माणूस येईपर्यंत हलू नकोस.

आणि काम बदलून मिळावे म्हणून तू संयोजकांना जो अर्ज दिला आहेस, तो उद्याच्या उद्या परत घे.

तुझा,
काका