मशीन केस ओढतं, तेव्हा

अवजारांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : माझे वडील गावात घरोघर जाऊन केस कापायचे. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हाताने दाबून चालवायचं मशीन सापडलं. त्यानेच माझ्या आठ वर्षांच्या मुलाचे केस कापावेत असं मनात आहे. पण मशीन कापत नाही, केस धरून ओढतं. पोरगं आता जवळच येत नाही. बाजारात कोयते-विळ्यांना धार लावणारे बसतात, त्यांच्याकडे देऊ का? की घरीच आमसुलाने घासून स्वच्छ करू? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. ते मशीन अजून जिवंत असण्याची शक्यता खूप आहे, आणि ही दोन्ही कामं त्याला कायमचं संपवतील.

माझे बाबाही हाच धंदा करायचे. देवगड तालुक्यात आमची पाच-सहा वाड्यांची गिऱ्हाइकी होती. धोपटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पितळी वाटी आणि हे मशीन. भाताच्या दिवसांत बलुत्याचं भात यायचं, त्यावर वर्ष निघायचं. पुढे मी फिटर झालो आणि आयटीआयमध्ये पोरांना फायलिंग, म्हणजे कानशीने धातू घासणं, शिकवण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे या मशीनकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, खळ्यात पाटावर मान खाली घालून बसलेल्या पोराच्या बाजूने आणि वर्कशॉपच्या बाकावरून.

आधी ते कसं कापतं ते समजून घेऊ. पुढच्या टोकाला दोन पाती एकावर एक बसलेली असतात. खालचं पातं घट्ट स्क्रूने बसवलेलं, ते हलत नाही. ते कंगव्याचं काम करतं, केसांत शिरतं आणि त्यांना दात्यांच्या फटींत उभं धरतं. वरचं पातं डावी-उजवीकडे सरकतं. खालचा दाता आणि वरचा दाता एकमेकांना ओलांडतात तेव्हा मधला केस कापला जातो. म्हणजे ही बारक्या बारक्या कात्र्यांची एक ओळच झाली. आपल्याकडे भात कापायला हल्ली जे रीपर फिरतं, त्याच्या पुढच्या पट्टीवरही याच तत्त्वाने काम चालतं. शेताच्या बांधावर उभं राहून बघा, लगेच लक्षात येईल.

आता मुठी बघा. एक मूठ खालच्या पात्याच्या अंगाशी एकजीव असते. दुसरी मधल्या खिळीवर फिरते आणि तिचं पुढचं गोलसर नाक वरच्या पात्याच्या खाचेत अडकलेलं असतं. मूठ दाबली की नाक एका बाजूला जातं, पात्याला घेऊन जातं. सोडली की स्प्रिंग मूठ मागे ढकलते आणि पातं परत येतं. बाबांचं मशीन मी मोजलंय : खिळीपासून बोटांच्या जागेपर्यंत नऊ सेंटिमीटर, खिळीपासून नाकापर्यंत दोन. म्हणजे बोटांनी लावलेला जोर पात्याशी साडेचारपट होतो, आणि बोटांची हालचाल तेवढ्याच पटीने लहान होते. पात्याला एका दात्याहून थोडं जास्त सरकलं की पुरतं, त्यामुळे हा सौदा फायद्याचाच आहे. शिवाय दाबताना एकदा आणि सुटताना एकदा, असं एका दाबात दोनदा कापलं जातं. दुसरं कापणं मात्र सगळं स्प्रिंगच्या जिवावर.

इथे तुमच्या धार लावणाऱ्याचा प्रश्न येतो. कोयत्याची धार पाचरीसारखी, कडेला. सहाणेवर कड घासली की झाली. या पात्याची धार दात्याच्या टोकाला नसतेच. ती दात्याच्या दोन्ही बगलांना असते, जिथे पात्याचा सपाट चेहरा बगलेला काटकोनात भेटतो त्या कोपऱ्यावर. टोकं तर मुद्दाम गोल ठेवतात, कातडीला बोचू नयेत म्हणून. सहाणेच्या चाकावर टोकं धरली की दाते आखूड होतात, कोपरे तसेच बोथट राहतात, आणि पोलाद तापून मऊ पडतं ते वेगळंच.

चेहराही दिसतो तसा सपाट नसतो. खालचं पातं सोडवून त्यावर स्टीलची पट्टी आडवी न ठेवता दात्यांकडून मागे अशी उभी ठेवा आणि खिडकीकडे धरा. चांगल्या पात्यात मधोमध उजेडाची केसभर रेघ दिसेल. तो दोष नव्हे. मधला भाग जरासा खोलगट घासलेला असतो, म्हणून वरचं पातं फक्त पुढे दात्यांच्या ओळीवर आणि मागच्या कडेवर टेकतं. सगळा दाब जिथे कापायचंय तिथेच जातो आणि मधे घर्षण होत नाही. ही खोलगट ठेवण हाताने घासून येत नाही. त्याला फिरती लोखंडी थाळी आणि बारीक घासणी लागते, आणि ते काम केवळ सलूनची पाती करणाऱ्या कारागिराचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांचं मशीन मी खोललं. पाती एमरी पेपरवर ठेवली, वरून अंगठ्याने दाबली आणि आरशासारखी चमकेपर्यंत घासली. अंगठ्याखाली पातं डुलतं हे तेव्हा मला कळत नव्हतं. डुललं की कडेचे कोपरे आधी घासले जातात. चार दिवसांनी चतुर्थी. मुंबईहून चाकरमानी उतरलेले, खळ्यात माणसांची रांग. पहिल्याच पोराच्या मानेवर मशीन अडकलं. बाबा त्याला म्हणाले, "मान हलयू नको रे झिला," आणि पुन्हा एकदा चालवून बघितलं. मग त्यांनी पाती उजेडात धरली, बोटाने चाचपली आणि मशीन धोपटीत परत ठेवलं. ती अख्खी चतुर्थी त्यांनी कंगवा-कात्रीवर काढली. मला एक शब्द बोलले नाहीत. रात्री त्यांच्या अंगठ्याला कात्रीच्या कडीने फोड आला होता, तो मी पाहिला. पुढे पोरांना सपाट घासणं शिकवताना मी कधीच घाई केली नाही, त्याचं कारण हेच.

तर ताई, केस ओढणं म्हणजे धार जाणंच असं नसतं. माझ्या अनुभवात धारेचा नंबर शेवटचा. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. दोन पात्यांमध्ये तेवढी फट पडली की केस कापला जाण्याऐवजी दुमडून फटीत आडवा होतो, आणि तुम्ही मशीन उचललं की मुळासकट ओढला जातो. ही फट कशाने पडते? बहुतेक वेळा वाळलेल्या तेलाने आणि त्यात रुतलेल्या जुन्या केसांनी.

म्हणून आधी वरचा पंखांचा नट काढा. खाली पांढरा कपडा पसरा, कारण वायसर आणि स्प्रिंग उडून गेली तर मिळत नाहीत. पाती सोडवायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. सुटी केल्यावर रात्रभर रॉकेलमध्ये आणि रॉकेल मिळालं नाही तर शिवणयंत्राच्या तेलात बुडवा. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने झाडा. मागच्या कडेखाली राखाडी लगदा निघेल. तुमच्या वडिलांनी कापलेले शेवटचे केस असतील त्यात. तो नीट काढा, तिथेच पातं उचललं जातं.

आमसुलाचं आता सांगतो. तांब्याची घागर आमसुलाने लखलखते हे खरं, पण पोलादाच्या बाबतीत आंबट पाणी गंजाबरोबर कोपराही खातं. वर समुद्राची खारी हवा. पुसेपर्यंत नवा गंज धरतो. पात्यावर हलका तांबूस थर असेल तर तेलात भिजवून कपड्याने चोळून जितका जाईल तितकाच काढा. चेहऱ्यावर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर मात्र ते पातं कारागिराकडेच जायला हवं.

जोडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा : वरच्या पात्याची टोकं खालच्या पात्याच्या टोकांपेक्षा जराशी, मिलिमीटरभर, मागे असली पाहिजेत. पुढे गेली तर कातडी कापेल. मग नट बोटांनीच आवळा, पक्कड लावू नका. मूठ जड होईपर्यंत आवळा आणि मग थोडाथोडा सोडत या. मूठ दाबून सोडली की स्प्रिंगने ती टकन पूर्ण मागे यायला हवी. आळसावून आली तर नट घट्ट आहे. कानाजवळ धरून हलवल्यावर पातं खडखडलं तर सैल. नट बरोबर असूनही मूठ पूर्ण मागे येत नसेल तर स्प्रिंग मेली. तेव्हा वरचा दाता खालच्या फटीवर अर्ध्यात थांबतो आणि केस तिथेच धरला जातो. स्प्रिंग बदलायला फारसा खर्च नाही, नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा.

आता हात. न हलणारी मूठ अंगठ्याच्या बाजूला ठेवा आणि फक्त चार बोटं चालवा. दोन्ही मुठी सारख्या दाबल्या तर खालचा कंगवाही डोक्यावर हलतो आणि कातडी चिमटते. मानेपासून वर सरकताना बोटं भराभर आणि हात सावकाश. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. आणि मशीन डोक्यापासून काढताना बोटं थांबवायची नाहीत, चालू ठेवूनच बाहेर घ्यायचं. बाबांचं मशीन मान सोडून हवेत आलं तरी दोनतीनदा कचकच करायचं. लहानपणी मला ती सवय वाटायची.

मुलगा समुद्रात डुंबून आला असेल तर आधी डोकं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वाळूतली गारगोटी कडक केलेल्या पात्यापेक्षाही कठीण असते. एक कण मधे गेला तरी चरा पडतो.

प्रश्न : मशीनला कोणतं तेल घालावं? आजोबा खोबरेलच घालायचे. पावसाळ्यात कसं ठेवावं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : शिवणयंत्राचं पातळ तेल. दात्यांच्या ओळीवर दोन-तीन थेंब, मागच्या कडेवर एक, खिळीवर एक. दहा-बारा वेळा मूठ दाबायची आणि जास्तीचं पुसून टाकायचं. प्रत्येक वेळी वापरायच्या आधी आणि नंतरही.

आजोबा खोबरेल घालायचे कारण घरात तेच होतं, आणि गिऱ्हाइकाच्या मानेला लागलं तरी कुणाची तक्रार नसायची. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पौषातल्या सकाळी बाटलीतलं खोबरेल आपण उन्हात ठेवतो ना? तेच पात्यांमध्ये थिजलं की नट न आवळताच मशीन जड होतं. शिवाय ते खवट होतं, आणि केसांच्या भुकटीबरोबर त्याचा लगदा होतो. वरच्या ताईंच्या मशीनमध्ये तोच असणार असा माझा अंदाज आहे.

पावसाळ्यात कातडी धोपटीत किंवा सुती फडक्यात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. आमच्याकडे मृग लागला की बाबा मशीन धोपटीतून काढायचे आणि चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीवर एका खिळ्याला टांगायचे. तिथे चार महिने हवा कोरडी. आता चुली नाहीत, तर तेल लावून प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा. वरचं निकेलचं पाणी चकचकीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. निकेल मुठींवर असतं. पात्यांचे चेहरे घासलेले, उघडं पोलाद. गंज आधी तिथेच धरतो.

प्रश्न : मी सलून चालवतो. सगळं काम विजेच्या मशीनवर. वडील म्हणतात, हाताचं एक तरी ठेव. आणि 'झिरो मशीन' म्हणजे नक्की काय? – एक वाचक, कणकवली

उत्तर : वडिलांचं ऐका. जूनमध्ये पहिला वारा सुटला की आपल्याकडे दिवसदिवस लाइट नसते, आणि बॅटरीवरचं मशीनही दुपारपर्यंत मान टाकतं.

शून्य हा पात्याचा नंबर. केस कापला जातो तो खालच्या पात्याच्या वरच्या चेहऱ्याशी, म्हणून डोक्यावर उरणाऱ्या केसाची लांबी म्हणजे जवळजवळ त्या पात्याच्या पुढच्या भागाची जाडी. जितकी शून्यं जास्त तितकं पातं पातळ. तीन शून्यांचं पातं साधारण अर्धा मिलिमीटर केस ठेवतं. तुमच्या विजेच्या मशीनवर जे प्लॅस्टिकचे कंगवे लागतात त्यांचा हिशेब निराळा, तिथे एक नंबर म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर आणि दोन म्हणजे सहा.

तुमचं विजेचं मशीन याच घराण्यातलं आहे. हाताच्या मशीनचं श्रेय सर्बियातल्या निकोला बिझुमिच या न्हाव्याला देतात, काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. अमेरिकेत लिओ वॉल यांनी विजेच्या मशीनसाठी १९१९ मध्ये अर्ज केला आणि १९२१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. बोटांच्या जागी विद्युतचुंबक आला, पण खाली कंगवा आणि वर सरकतं पातं तेच राहिलं. त्यामुळे नट, तेल आणि टोकांच्या मागे-पुढेबद्दल वर लिहिलेलं तुमच्या मशीनलाही लागू आहे.

हाताचं घेताना दुकानात मूठ दाबून सोडून बघा, पाती उजेडात धरून बघा आणि त्याच मापाच्या दोन स्प्रिंगा जास्तीच्या मागून घ्या.